सोलायची की सालीसकट द्यायची

९ फेब्रुवारी, रविवार
वही घेऊन बारा दिवस झाले. रोज म्हटलं आज लिहू. एक दिवस पेन सापडला नाही. एक दिवस पेन सापडला तर वहीच्या मागच्या पानावर बैल काढत बसलो, शिंगं जमेनात म्हणून तासभर गेला. खरं म्हणजे लिहायचं टाळत होतो. आज सुरू करतो, जमेल तसं.

घरी आहे. बाबा गेले त्याला चार महिने. मी तेव्हा सुरतेला होतो, पोचेपर्यंत सगळं झालेलं. आता पत्रे बदलायचेत म्हणून माळा रिकामा करायला घेतला. माळ्यावर बाबांची दोन पोती. आत वायर. एकट्याला उतरवेना, शेवटी मायनं खालून हात दिला. पोती अंगणात ठेवली आणि आम्ही दोघं नुसतेच बघत उभे राहिलो.

"सात वरीस व्हयनात," माय म्हणाली. आत गेली.

१० फेब्रु., सोम.
पोत्यांचं एकदा लिहून टाकतो.

बाबा वायरमन. आमच्या वस्तीतल्या समाजमंदिराची फिटिंग त्यांनीच केली, मजुरी न घेता. सात वर्षांपूर्वी जयंतीच्या कार्यक्रमात स्टेजवरची लाइन तापली, पडद्यानं पेट घेतला. समोर पोरं बसलेली. सुकदेव काकांनी (पुढं सु.का. लिहीन) जळता पडदा हातानं ओढून खाली पाडला. उजव्या हाताची तीन बोटं गेली. सु.का. म्हणजे गाण्याच्या पार्टीतले ढोलकीवाले. बाबांचे लहानपणापासूनचे मित्र. बाबा गायचे, ते वाजवायचे.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत बाबांनी मंदिरातली बठ्ठी, सगळीच्या सगळी वायर उपटली, पोत्यात भरून घरी आणली. पंच आले. वस्तीतले मोठे आबा म्हणाले, वायर दाखव. बाबा म्हणाले, "नही." एवढंच. पुढं पदरच्या पैशानं नवी फिटिंग करून दिली, पण पोती दाखवली नाहीत ती नाहीतच.

मग गावानं जे समजायचं ते समजून घेतलं. बाजारात एक नकली वायर मिळते. वरून तांब्याचं पाणी मारलेलं, आत ॲल्युमिनियम. लवकर तापते. बाबांनी तीच वापरली आणि वरचे पैसे खाल्ले, असं ठरलं. तेव्हापासून बाबांचं नाव पाणीमार. कामं बंद. गाणंही बंद. सु.का. बायकापोरांना घेऊन सासुरवाडीला, बोदवडला निघून गेले. परत गावात पाय ठेवला नाही.

मीही त्याच वर्षी आयटीआय अर्धी टाकून निघालो. नाशिक, सुरत, मधे केळीच्या ट्रकवर दिल्ली. कुठंच वर्षभर टिकलो नाही.

हात दुखला. एवढं पहिल्यांदाच लिहिलं.

१२ फेब्रु., बुध.
धुळ्याला गेलो. भंगाराचा भाव विचारायला म्हणून. मोटारसायकलवाल्या ओळखीच्या पोरानं लळिंगपाशी गाठलं, म्हणाला चल किल्ल्यावर. गेलो. उतरलो तेव्हा दुपार टळलेली. असं होतं माझं.

भंगारवाले रज्जाकभाई, बाबांना ओळखायचे. पोत्यातला एक तुकडा नेला होता, तो त्यांनी नुसता हातावर तोलला.

"सालीसकट आणला तर सालीचा भाव. सोलून आणला तर सोन्याचा नाही, पण बरा."
"किती वेळ लागेल सोलायला?"
"तुला? ह्या जन्मात." मग हसले. "बेटा, जाड असेल ते सोल. बारीक सोडून दे. दिवसभर बसून जे सुटेल त्याच्यापेक्षा कांदे निंदायला गेलास तर जास्त सुटेल."
"जाळली तर?"
"जाळू नको. जळलं की तांबं काळं, भाव काळा, आणि तुझं फुप्फुस बी काळं."

म्हणजे हिशोबानं पाहिलं तर सोलण्यात अर्थ नाही. तशीच द्यावी, पत्र्यांना थोडा हातभार, आणि मी मोकळा. सुरतेचा सेठ फोन करतोय.

मायला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. पाट्यावर चटणी वाटत होती, वाटतच राहिली. मग म्हणाली, "सोल. बठ्ठी सोल. तुना बापनी कशी वायर वापरी ते दखू दे गावले."

मी म्हटलं, चाळीसेक किलो आहे माय.
"मंग? बापनी सात वरीस डोकावर ठेयी."

१३ फेब्रु., गुरु.
सुरू केलं. मायसाठी.

सकाळी थंडीत साल कडक असते, सुटत नाही. उन्हात तासभर पसरून ठेवली की मऊ येते. फळीला दोन खिळे, मधे ब्लेडची पाती तिरपी बसवली, वायर खिळ्यांमधून ओढायची. साल उभी चिरत जाते. मग हातानं सोलायची, शेंगेसारखी. बाबा फिटिंग करताना दातानं सोलायचे. करकचून चावा, मानेला एक झटका, टोक मोकळं. मायला ते आवडायचं नाही. पुढचे दोन दात त्यानंच झिजलेले, मधे फट पडलेली. बाबा म्हणायचे, दाताला कळतं वायर कशी आहे, हाताला फसवता येतं.

पहिलं पोतं लाल वायरचं. पहिली तार निघाली ती लख्ख. वाकवून पाहिली, कानशीनं टोक घासलं. आतून बाहेरून तांबं. दुसरी, तिसरी तशीच.

दिवसभरात सोललेलं तांबं दोन किलोच्या आत-बाहेर. अंगठा दोनदा कापला.

१५ फेब्रु., शनि.
शेजारचा नामा गोठ्याकडे जाताना थांबतो रोज. आज म्हणाला, "काय रे पाणीमारना पोऱ्या, तांबं निंघनं का पाणी?"

मी काही बोलायच्या आत माय आतून आली, सोललेल्या तारांची जुडी त्याच्या हातात दिली. "घे. घास. चाव. घरी ली जाय नि बायकोले दखाड."

नामानं घासून पाहिली. खरंच घासली, ओट्याच्या दगडावर. मग जुडी खाली ठेवून, "तांबंच शे वो माय," म्हणाला, आणि हळूच गेला.

माय दिवसभर नुसती हलकी. रात्री भाकरी वाढताना म्हणाली, तुझे बाबा कोणाला काहीच बोलले नाहीत, मलाही नाही, मी एकदाही विचारलं नाही. "इचारानं व्हतं का रे?"

मी अजून एक भाकरी मागितली.

१८ फेब्रु., मंगळ.
पहिलं पोतं संपत आलं. सगळं तांबं. एकही तुकडा खोटा नाही. मायनं एक जुडी बाबांच्या फोटोपाशी ठेवलीय. आबांना निरोपही धाडला. "रविवारले आबास्ले बलायेल शे. बठ्ठास्ना समोर दखाडसू."

मीही खूश. खोटं कशाला लिहू. सोलताना गुणगुणत होतो. वाटलं सात वर्षांत एक काम धरून पूर्ण केलं.

पण एक प्रश्न राहतो. वायर खरी होती तर बाबांनी दाखवली का नाही? पंचांसमोर एक टोक घासलं असतं तर तिथंच मिटलं असतं.

मायला हा प्रश्न विचारला नाही.

१९ फेब्रु., बुध.
दुसरं पोतं उघडलं. वर लाल. खाली, तळाशी, वेगळं बांधलेलं एक वेटोळं. पिवळं. त्यातली निम्मी साल जळून चिकटलेली.

पिवळी.

२० फेब्रु.
काही लिहायचं नाही.

२१ फेब्रु., शुक्र.
लिहितो.

मी सतरा वर्षांचा. बाबांच्या हाताखाली काम शिकत होतो. जयंतीच्या आधी चार दिवस स्टेजवरची लाइन बाकी होती आणि लाल वायर संपली. बाबांची दाढ काढलेली, गाल टम्म सुजलेला, ताप. मला म्हणाले, धुळ्याला आपल्या नेहमीच्या दुकानात जा, एक बंडल घेऊन ये, दुसरीकडून आणू नको.

वाटेत एका गावात कुस्त्यांची दंगल. फडकी, हलगी, गर्दी. म्हटलं एक कुस्ती बघू. मग दुसरी. धुळ्यात पोचलो तेव्हा नेहमीचं दुकान बंद. स्टँडजवळ एका छोट्या दुकानात बंडल मिळालं. लाल नव्हती, पिवळी होती. छाप तोच. घेतली. किंमतही जवळपास तीच, म्हणजे मी पैसे खाल्ले नाहीत. हे लिहून ठेवतो, पण त्यानं काय होतं.

बाबांनी विचारलं, "आपल्याच दुकानातली?"
"हो. लाल संपली होती."

त्यांना दातानं काही सोलता येत नव्हतं. स्टेजची लाइन मीच ओढली, टोकं मीच सोलली, ब्लेडनं. बाबा खाली खुर्चीवर गालाला रुमाल बांधून बसलेले. शाबास म्हणाले.

आग लागली तेव्हा सगळे म्हणाले जोड ढिला, लोड जास्त, वायर खोटी. मला कधीच वाटलं नाही की ती वायर. म्हणजे वाटलं नाही की वाटू दिलं नाही, ते आता सांगता येत नाही.

आज वेटोळ्याचं टोक हातात घेऊन पाहिलं. साल ब्लेडनं कापलेली नव्हती. दातानं ओढलेली होती. सालीवर दोन दातांचे ठसे, मधे फट, बाबांचीच. तार कानशीनं घासलेली. आत पांढरी.

म्हणजे त्यांनी उपटल्या दिवशीच तपासलं. पिवळी कोणी आणली ते त्यांना माहीत होतं.

"नही," म्हणाले पंचांना. कोणासाठी म्हणाले.

२२ फेब्रु., शनि.
सकाळी पिवळा तुकडा घेऊन रज्जाकभाईंकडे. उगाच, खात्रीसाठी. त्यांनी कानस मारली, फुंकर घातली.

"पोट पांढरं. पाणी मारलेली. हिला तांब्यात मिसळू नको, चांगला माल बी संशयात जातो."
"वेगळी सोलू का?"
"काहून सोलतो? हिच्यात काय आहे?"

तिथून घरी यायचं सोडून चाळीसगावची बस पकडली, मग जळगाव. अक्काकडे, मोठ्या बहिणीकडे. उद्या रविवार, आबा येणार, आणि मी जळगावात. मायला फोन केला, अक्काची तब्येत बरी नाही म्हणून सांगितलं. माय म्हणाली आबांना तीन तारखेच्या सोमवारचं सांगते, "तिले जप." परत खोटं.

२३ फेब्रु., रवि.
अक्काला सगळं सांगितलं. ती शाळेत शिकवते, तिला वाटतं प्रत्येक गोष्टीला उत्तर असतं. भरीत करत होती, वांगी भाजून झालेली. ऐकता ऐकता हात थांबले.  मग म्हणाली,

"कोण जिंकलं?"
"काय?"
"त्या दंगलीत. ज्याच्यासाठी थांबलास. कोण जिंकलं?"
मला आठवत नाही. खरंच आठवत नाही.

जेवताना म्हणाली, माझं ऐकशील तर पिवळी विहिरीत टाक, लाल दाखव. बाबांचं नाव धुतलं जाईल, मायला चार दिवस सुखाचे. तुझं नाव घेऊन कोणाचं भलं होणार?
मी म्हटलं, मग आग कशानं लागली म्हणायचं?
"म्हणतील नशिबानं."
थोड्या वेळानं तीच म्हणाली, "सुकदेव काका काय म्हणतील माहीत नाही."

२५ फेब्रु., मंगळ.
बोदवडला गेलो. अक्काला घरी चाललो म्हणून सांगितलं आणि भुसावळकडच्या गाडीत बसलो. स्टेशनबाहेर चहाच्या टपरीवर विचारलं.

"सुकदेव? तीन बोटं गेलेला? तो जिनिंगवर वॉचमन हाये. कोन लागते तुमचा?"
म्हटलं, गावाकडचा.
"मग जा ना. बसून काय ऱ्हायले? मानूस चांगला हाये. पोरं जमवतो संध्याकायी, ढोलकी शिकवतो. स्वतःले वाजवता येत नाही, तोंडानं बोल सांगतो."

जिनिंगच्या फाटकापर्यंत गेलो. सरकीचा वास, ट्रॅक्टरची रांग. आत खोलीच्या दाराशी ते बसलेले, डाव्या हातानं पेपर धरून. केस पांढरे झालेत. दोन ट्रॅक्टर आत गेले तोवर उभा होतो. मग एक ट्रॅक्टरवाला म्हणाला, बाजूला हो रे. झालो बाजूला. तसाच स्टेशनवर आलो.

परतीच्या गाडीत एक बाई पेरू विकत होती. एक किलो घेतले. कोणाला देणार ते माहीत नाही, नुसते घेतले.

२७ फेब्रु., गुरु.
घरी. मायला काही सांगितलं नाही. दुसऱ्या पोत्यातली लाल सोलतोय. हात आता चांगला बसलाय, दिवसाला तीन किलोच्या वर. ज्या दिवशी शिकायला हवं होतं त्या दिवशी शिकलो नाही.

माय शेजारी बसून साली गोळा करते. लाल सालींचा ढीग. म्हणाली, ह्याची दोरी होईल का रे?
हसलो दोघं.

पिवळं वेटोळं गोठ्यात, कडब्यामागं.

१ मार्च, शनि.
दोन वाटा आहेत. एक अक्कानं सांगितली ती. आबा येतील, लाल तांबं बघतील, मान हलवतील, मायला म्हणतील चुकलं आमचं. माय रडेल. मी सुरतेला जाईन.

दुसरी. पिवळी सोलून लालच्या शेजारी ठेवायची आणि सांगायचं. बाबांचं नाव त्यानंही धुतलं जातं. पण मग मायला कळेल की तिच्या नवऱ्याला सात वर्षं पाणीमार म्हणवून घ्यायला लावलं ते तिच्याच पोरानं. आणि बाबांनी जे दाबून ठेवायला एवढं सोसलं ते मी चारचौघांत उघडं करणार. त्यांची गप्प राहण्याची सगळी मेहनत फुकट.

रज्जाकभाई बरोबर म्हणाले, हिच्यात काय आहे.

तरी संध्याकाळी कडब्यामागून वेटोळं काढलं. जळालेली साल सुटत नाही, तारेला धरून बसते. नखानं खरवडून काढावी लागते. एक हातभर सोलायला एक बिडी संपते. वजनाला काहीच नाही, उचलली तर कळतही नाही. आणि हीच सोलायला सगळ्यात जास्त वेळ.

२ मार्च, रवि.
अर्धी झाली. मायनं पाहिलं. पिवळी कुठली म्हणाली. म्हटलं खाली होती. तिनं एक तार उचलली, हातात तोलली, ठेवली.  तिला कळलं का, माहीत नाही. वायरमनची बायको आहे.

झोपताना म्हणाली, "सकाय आबा येतीन. जे शे ते दखाड."

जे शे ते. म्हणजे काय म्हणायचंय तिला.

३ मार्च, सोम.
सकाळीच अंगण झाडलं, सतरंजी टाकली. डाव्या बाजूला लाल वायरचं तांबं, मोठा ढीग, उन्हात डोळे दिपतात. उजव्या बाजूला पिवळी, ओंजळभर. शेवटची वीत राहिली होती ती आत्ता सोलून झाली. दातांचे ठसे असलेलं टोक तेवढं तसंच ठेवलंय, ते सोलवलं नाही.

आबा दहाला येणार. अजून वेळ आहे. आत येऊन हे लिहितोय. काय बोलायचं त्याची सुरुवात लिहून पाहिली, चारदा खोडली. "आबा, त्या वर्षी मी" इथपर्यंत येतं.

बाहेर कोणीतरी आलं. लवकर आले वाटतं आबा. पण माय आबांशी असं बोलत नाही. तिचा आवाज

आबा नाहीत. खिडकीतून पाहिलं. सुकदेव काका. खांद्याला कापडी पिशवी, चपला अंगणाबाहेर काढलेल्या. मायला म्हणतायत, "वैनी, पोरनं लगीन शे. पहिली पत्रिका तुमले. भाऊ राहता तर त्याच्याच हातात दिली असती." आणि त्यांना रडू आलं.

माय पाणी आणायला आत आली. माझ्याकडं बघितलं, तांब्या भरला, गेली. 

ते सतरंजीवर बसलेत, दोन्ही ढिगांच्या मधे. पत्रिका मांडीवर. डाव्या हातानं पिवळ्यातलं ते न सोललेलं टोक उचललंय, डोळ्यांजवळ धरलंय. इकडं हाक मारतायत. आनंदा, आत शे का तू?

जातो.